डेल्फिनाच्या अकरा किंकाळ्या

रक्त मला बघवत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी तोंड दाबून हसायला नको. दाढी करताना गाल कापला तर मी आरशाकडे पाठ करून कापूस लावतो. दवाखान्यात रक्त तपासायला गेलो की नर्सबाई आधी मला आडवा करतात आणि मग सुई बाहेर काढतात. असा मी, लेआर्को बोनोरा, भूमापन कचेरीतला निवृत्त अधिकारी, वय एकाहत्तर. आणि गेल्या नोव्हेंबरात याच मी आमच्या सोसायटीतल्या एकोणीस शहाण्यासुरत्या माणसांना जमवून नऊ खून, एक उपटलेला डोळा आणि अख्ख्या जिन्यावरून ओघळणारं रक्त असलेला भुताचा सिनेमा दाखवला. तोही कपडे वाळत घालायच्या खोलीत. आणि पूर्ण कायदेशीर.

याला कारण माझी बायको. म्हणजे तिचा काही दोष नाही, ती बिचारी दोन वर्षांपूर्वी गेली. डेल्फिना. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिनं एकदाही आवाज चढवला नाही. लिफ्टमध्ये ती कुजबुजायची. बाजारात तिनं भाव विचारला की भाजीवाला कान पुढं करायचा. संध्याकाळी साडेसहाला बाहेरून आली की पिशवी दारात टेकवून हळूच विचारायची, "कुणी आहे का?" मी आतल्या खोलीत शब्दकोडं सोडवत असायचो. मी उत्तर देत नसे. साडेसहाला भूमापन कचेरीतला माणूस घरात नाही तर कुठं असणार? हे तिला ठाऊक, मला ठाऊक, मग तोंडाची वाफ कशाला दवडायची? ती जराशी थांबायची आणि मग स्वयंपाकघरात जायची.

आणि हीच बाई लग्नाआधी रोममध्ये किंकाळ्या फोडायच्या नोकरीला होती.

खोटं नाही सांगत. आमच्याकडे तेव्हा सिनेमे आवाजाशिवायच काढत. नायिका परदेशी, ती तिच्या भाषेत बोलणार. खलनायक भलत्याच देशाचा, तो त्याच्या भाषेत बोलणार. आणि तिसऱ्याला संवाद पाठ नसले तर तो तोंड हलवायला नुसते आकडे म्हणणार, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मग सगळं रोमला यायचं आणि एका बंद खोलीत आमचीतुमची साधी माणसं त्या तोंडांत आवाज भरायची. डेल्फिना त्यांच्यातली. मोठी भूमिका तिला कधी मिळाली नाही, पण किंकाळीला तिचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. 'सातव्या पायरीखाली' नावाच्या एका सिनेमात नायिकेचे संवाद एका नामांकित बाईंनी म्हटले, पण त्या बाईंचा घसा किंकाळ्यांना तयार होईना. मग डेल्फिनाला बोलावलं. "अकरा किंकाळ्या आणि एक वाक्य," ती मला लग्नानंतर एकदा म्हणाली होती. "त्या बाई शेवटच्या दिवशी आल्याच नाहीत, म्हणून ते वाक्यही माझ्या वाट्याला आलं." कुठलं वाक्य, हे मी विचारलं नाही.

नव्या नवलाईच्या दिवसांत तो सिनेमा आमच्या फेर्रारा गावात लागला. ती मला घेऊन गेली. नवा कोट घातला होता तिनं. अकराव्या मिनिटाला पडद्यावर डोळा बाहेर आला आणि मी बाहेर आलो. समोरच्या बारमध्ये जाऊन कॉफी घेतली, मग पाणी घेतलं, मग डोकं टेबलावर टेकवलं. दीड तासानं डेल्फिना आली. चिडली नाही, रुसली नाही. "थंडी पडलीय ना?" एवढंच म्हणाली. रात्री जेवताना मी म्हणालो, "असल्या सिनेमांत माणसं बघतात तरी काय?" ती म्हणाली, "रक्ताच्या वेळी डोळे मिटून घ्यायचे, लेआर्को. बाकीचं बघायचं. ते धुकं, ती लांबलचक ओसरी, कुठंतरी हलणारा दिवा. फार एकटं वाटतं बघ, पण छान एकटं." मला काही ते कळलं नाही. ती पुन्हा रोमला गेली नाही. मी काही तिला अडवलं नव्हतं, हे नमूद करून ठेवतो. मी फक्त सूपमध्ये चीज घालून घेतलं आणि विषय बदलला.

ती गेली आणि घरात आवाज उरला नाही. सुरुवातीला वाटलं, होईल सवय. मग एक दिवस मी तिचा आवाज शोधायला लागलो, निदान कुठंतरी असेल म्हणून. टेलिफोनवरचा निरोप माझ्या आवाजात: "आपण बोनोरा कुटुंबाशी संपर्क साधला आहे." कचेरीतल्यासारखा. लग्नाची चित्रफीत मुकी. सहलींच्या फिती पुष्कळ, पण कॅमेरा नेहमी तिच्या हातात, म्हणून त्यांत मी एकटाच दिसतो, नाना पुतळ्यांशेजारी, पोट आत घेऊन. एक्केचाळीस वर्षं आणि तिचा एक शब्द माझ्याकडे नाही. एवढ्या मोठ्या जगात तिचा आवाज राहिला होता तो त्या एका सिनेमात, मला ज्याची अकरा मिनिटं सोसली नव्हती. मला तो आवाज हवा होता. बास, एवढंच हवं होतं.

सिनेमा आमच्याकडे कुठंच मिळेना. दुकानदार म्हणाला, "असल्या सिनेमांवर जीव टाकणारी माणसं सगळी परदेशात, साहेब. आपल्याकडे लाज वाटते लोकांना." शेवटी जर्मनीहून तबकडी मागवली. ती आली त्या दिवशी मला धीर धरवला नाही. जेवण उरकलं, पडदे ओढले, ऐकू कमी येतं म्हणून आवाज पूर्ण मोठा केला आणि डोळ्यांवर डेल्फिनाचा लोकरी स्कार्फ बांधून बसलो. बघायचं कुणाला होतं? मला ऐकायचं होतं.

पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की सगळे जर्मन बोलताहेत. अकराव्या मिनिटाला पहिली किंकाळी आली. भरभक्कम होती, पण कुण्या भलत्याच बाईची. परक्या घरात शिरल्यासारखं ओशाळलो मी. तबकडी बंद करावी म्हटलं तर स्कार्फची गाठ सुटेना, आणि आंधळ्यासारखा चाचपडत रिमोट शोधतोय तोवर तिसरी, चौथी आणि पाचवी किंकाळी होऊन गेली. मग दारावर थापा पडल्या.

दारात पोलीस. फौजदार लोरूसो स्वतः. त्यांच्यामागे तळमजल्यावरच्या सिन्योरा एर्सिलिया मालागूती, वय त्र्याऐंशी, हातात जपमाळ. आणि त्यांच्यामागे आमच्या सोसायटीचे व्यवस्थापक झागानेल्ली, हातात नियमांची वही.

"बाई कुठं आहे?" फौजदारांनी विचारलं.

"कुठली बाई?"

"जी ओरडत होती ती."

"ती जर्मन आहे," मी म्हणालो. आता मागं वळून बघता हे उत्तर बरोबर नव्हतं. फौजदारांनी मला बाजूला सारलं आणि न्हाणीघरात पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून डेल्फिनाचे कोट सरकवून पाहिलं. मी गळ्यात स्कार्फ लोंबकळत उभा. चौतीस वर्षं सरकारी शिक्के मारलेला माणूस!

पण सिन्योरा मालागूतींचा राग निराळाच होता. "खून झाला असेल तर झाला असेल," त्या म्हणाल्या, "तो पोलीस बघतील. पण दुपारी दोन ते चार? विश्रांतीच्या वेळात? नियम सात! माझे यजमान गेले ते सुद्धा साडेचारला गेले, सगळ्यांची झोप झाल्यावर. माणसाला काही रीत असते."

"नियम सात, कलम दोन," झागानेल्ली वही उघडून म्हणाले. या माणसाबद्दल काय सांगू? सायकल भिंतीला दोन बोटं जास्त टेकली तर तो परिपत्रक काढतो. त्यानं मला लेखी ताकीद द्यायला पेन काढलं, आणि तेवढ्यात त्याची नजर टेबलावरच्या तबकडीच्या वेष्टनाकडे गेली. पेन तसंच हवेत राहिलं.

"बोनोरासाहेब," तो अगदी बदललेल्या आवाजात म्हणाला, "तुम्हीसुद्धा?"

मी काही म्हणणार एवढ्यात त्यानं ते वेष्टन दोन्ही हातांनी उचललं. "पण ही जर्मन आहे हो! हिच्यात तळघराच्या दृश्यातला निळा रंग पार धुऊन निघालाय. आणि आवाज! आपले मूळ आवाज आता कुठंच नाहीत. फक्त..." त्यानं सिन्योरांकडे पाहिलं, मग फौजदारांकडे पाहिलं.

"फक्त?" मी त्याची बाही धरली.

"फक्त माझ्याकडे," तो पुटपुटला. "पंच्याऐंशी साली एका खाजगी वाहिनीनं दाखवला होता. मी टेप केला. मध्येमध्ये गाद्यांच्या जाहिराती आहेत."

गंमत बघा, वीस वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याच माणसाच्या दारात दुसऱ्या दिवशी मी केकचा डबा घेऊन उभा होतो. आत भिंतीभर सिनेमांच्या पोस्टरांतली भुतं, चेटकिणी, हातमोजे घातलेले खुनी, सगळे चौकटीत नीट रांगेत, दर दोघांमध्ये सारखंच अंतर ठेवून. झागानेल्ली त्या सिनेमांबद्दल बोलायला लागला की थांबेना. "लोक म्हणतात गोष्टीला शेंडा-बुडखा नाही. नसू दे! स्वप्नाला असतो का? एक बाई कंदील घेऊन जिना उतरते, बस्स, सात मिनिटं नुसती उतरते. मला सांगा, साहेब, आपल्या आयुष्यात कोण सात मिनिटं एवढं लक्ष देऊन काही बघतं?" त्याची बायको याच सिनेमांपायी माहेरी निघून गेली होती म्हणे. सांगताना हसला, पण चहाचा कप त्यानं उगाच दोनदा पुसला.

मी डेल्फिनाचं सांगितलं. तो उठून उभा राहिला. "त्या अकरा किंकाळ्या? सिन्योरा बोनोरांच्या?" आणि मग, "मी वीस वर्षं त्यांना जिन्यातल्या कुंड्यांबद्दल नोटिसा पाठवल्या!"

पण टेप काही तो द्यायला तयार होईना. म्हणाला, दाखवीन, पण माझ्या अटींवर. हा सिनेमा लहान पडद्यावर, तोही डोळ्यांना फडकं बांधून बघणं म्हणजे पाप. मोठा पडदा हवा. अंधार हवा. माणसं हवीत, कारण एकट्यानं घाबरण्यात अर्थ नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकदा सुरू केलेली टेप थांबवायची नाही, मागं न्यायची नाही. "ती जीर्ण झालीय. मागं नेली की दर वेळी तिचा थोडा जीव जातो. माझी आई येऊन म्हणाली तरी मागं नेणार नाही."

मोठी जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची कपडे वाळत घालायची खोली. ती सगळ्यांच्या मालकीची. म्हणजे सभा आली. आमच्याकडे सभेत माणसं मोजत नाहीत, हिस्से मोजतात: अख्खी इमारत म्हणजे हजार हिस्से, ज्याचं घर मोठं त्याचं मत मोठं. माझे एकाहत्तर. सिन्योरा मालागूतींचे दोनशे बारा. देवानं त्यांना चार मुलं, दोन गच्च्या आणि कडक स्वभाव दिलेला आहे.

सभेत जो तो सल्ले द्यायला लागला. दुसऱ्या मजल्यावरचा खाटीक इव्हो पोलेत्ती म्हणाला, मला चालेल, पण असल्या सिनेमांत शरीराची रचना चुकीची दाखवतात, माणसाचा धंद्यावरचा विश्वास उडतो. कुणी म्हणालं, त्यापेक्षा सर्कशीचा सिनेमा दाखवा. कुणी म्हणालं, आधी लिफ्टचं बघा.

"लाल रंगाचं सरबत आणि उघड्याबोडक्या बायका," सिन्योरा मालागूती म्हणाल्या. "आणि वर सैतान. माझ्या डोक्यावर, माझ्याच इमारतीत! बोनोरासाहेब, तुमची बायको देवमाणूस होती. तिला काय वाटलं असतं हो?"

मी भाषण लिहून नेलं होतं, तीन मुद्दे, पोटकलमांसकट. ते काही मला वाचता आलं नाही. "तिचाच आवाज आहे त्यात," मी म्हणालो. "माझ्याकडे तिचा दुसरा आवाज नाही. मला तो एकदा ऐकायचाय."

आधी लिफ्टचं बघा म्हणणाऱ्यानं वर केलेला हात खाली घेतला.

"डेल्फिना?" सिन्योरा म्हणाल्या. "किंचाळायची? अहो, ती मला जिन्यात नमस्कार करायची तो मला ओठ हलताना दिसायचा म्हणून कळायचा." त्यांनी जपमाळ दोन बोटं सरकवली. "दोन नोव्हेंबर. मृतांचा दिवस आहे. संध्याकाळी पाच, जप झाल्यावर. मी पुढच्या खुर्चीत बसणार. सैतान जास्त करायला लागला तर मी दिवा लावणार. आणि सगळं कागदोपत्री. ती खोली सिनेमासाठी चालते असा सरकारी कागद आणा."

आता सरकारी कागद म्हणजे माझं माहेर. मी ऐटीत भूमापन कचेरीत गेलो, आणि रांगेचा आकडा घेऊन पावणेदोन तास बसलो. खिडकीपलीकडे कोण, तर माझ्याच हाताखाली तयार झालेली क्लेलिया बाई. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं मला अर्जावर सरकारी तिकीट नाही म्हणून परत पाठवलं. तिकीट लावून आलो तर अर्ज जुन्या नमुन्यात. नवा नमुना आणला तर सही काळ्या शाईत, हवी निळी. चौतीस वर्षं मी लोकांना असंच परत पाठवलं, आणि ती माणसं जाताना काय पुटपुटायची ते मला कधी कळलं नव्हतं. आता मीही तेच पुटपुटत जिना उतरलो.

चौथ्या खेपेला क्लेलिया बाईनं नोंदवही उघडली. "साहेब, होत नाही हो. ही खोली 'फक्त ओले कपडे वाळत घालण्यासाठी' म्हणून नोंदलीय. 'फक्त' खाली दोनदा रेघ मारलीय."

"कुठल्या मूर्खानं मारली?"

तिनं वही माझ्याकडे फिरवली. सही माझी होती. सत्त्याऐंशी सालची, झोकदार.

मी तिथंच बाकावर बसलो. बाईला दया आली असावी. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, त्या खोलीत कुणी पांढरी चादर वाळत घातली तर आमची हरकत नाही. आणि चादरीकडे तोंड करून बसायला परवाना लागत नाही." मग जरा विचार करून म्हणाली, "पण चादर ओली पाहिजे. मी दाखला देते, पण चादर ओली हवी."

अशी माझी तयारी. डेल्फिनाच्या रुखवतातली मोठी तागाची चादर, कोपऱ्यात तिनं स्वतः काढलेलं नावाचं अक्षर. मी ती टबात भिजवली, पिळली, आणि पोलेत्तीनं आणि मी ती दोरीवर टांगली. खाली परात ठेवली. टप, टप. झागानेल्लीनं कुणाकडून तरी प्रोजेक्टर आणला, दाखला दाराला चिकटवला आणि खुर्च्या पट्टी लावून मांडल्या. बाहेर पाचलाच अंधार पडला होता आणि धुकं असं की अंगणातलं झाड दिसेना. सिन्योरांनी मृतांच्या दिवसाची बदामाची बिस्किटं आणली होती. ती त्यांनी फिरवली आणि माझ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. फौजदार लोरूसोही आले, साध्या कपड्यांत. म्हणाले, "पुन्हा फोन आला तर निदान मी इथंच असेन."

सिनेमा सुरू झाला. पहिलंच दृश्य धुक्याचं.

"हे कसलं धुकं!" सिन्योरा म्हणाल्या. "यंत्रानं सोडलेलं. आमच्याकडे या म्हणावं, फुकट दाखवतो."

"शू!" झागानेल्ली.

मी पुढं सरसावून बसलो होतो. पडद्यावर सोनेरी केसांची कुणी परदेशी बाई इकडून तिकडं फिरत होती, तिच्याशी माझं देणंघेणं नव्हतं. अकरावं मिनिट जवळ आलं. तेव्हा सिन्योरांनी माझं मनगट धरलं. "तुमच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, तुम्हाला रक्त बघवत नाही," त्या कानाशी म्हणाल्या. "मी सांगते. मी चार बाळंतपणं घरात केलीत आणि दर डिसेंबरात डुक्कर कापलंय. मिटा."

मी डोळे मिटले. आणि डेल्फिना किंचाळली.

काय सांगू तुम्हाला! भिंतीवरची दोरी थरथरली. खालून सुरू होऊन किंकाळी वर गेली, वर गेली, आता संपणार वाटतंय तोवर आणखी वर गेली आणि टोकाला जाऊन फाटली. मागं कुणाच्या तरी हातातून बिस्किट पडलं. "देवा रे," फौजदार म्हणाले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. माझी डेल्फिना, जी भाजीवाल्याला ऐकू जायची नाही! एवढा मोठा आवाज ती एक्केचाळीस वर्षं माझ्या शेजारी उशीवर घेऊन झोपत होती. मला अभिमान वाटला, आणि लगेच लाज वाटली, आणि दोन्ही मिळून मला रडू आलं. त्या वेळी तिथं मी बसलेलो असायला हवा होतो, फेर्राराला, तिच्या नव्या कोटाशेजारी.

"उघडा," सिन्योरा म्हणाल्या. "आता नुसती ओसरी आहे. दिवा हलतोय. अगं बाई, हे छान आहे हो."

असं ते चाललं. मिटा, उघडा, मिटा. मध्ये एक गोड गळ्याची बाई गादीवर उड्या मारत सवलत जाहीर करायची आणि मग पुन्हा खून. एकाची मान मोडली तेव्हा पोलेत्ती मागून ओरडला, "हे हाड नाही! सेलरीची दांडी मोडलीय!" आणि मला आठवलं, डेल्फिना सूपसाठी सेलरी मोडताना स्वतःशीच हसायची. मी विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, काही नाही. रोमच्या त्या बंद खोलीत हाडं अशीच मोडत असणार. पाचवी किंकाळी, आठवी किंकाळी. चादर ठिबकत होती. धुक्याचं, लांबलचक ओसरीचं, एकट्या दिव्याचं तिनं जे सांगितलं होतं ते सगळं तिथं होतं, तिच्याच अक्षराच्या चादरीवर. मला ते आता कळत होतं आणि सांगायला ती नव्हती.

दहावी झाली. "आता मिटा," सिन्योरा कुजबुजल्या, "दार उघडतंय, पलीकडे काहीतरी वाईट असणार." मी घट्ट मिटले. दार करकरलं. पावलं थांबली. आणि काळोखात, माझ्या कानापासून हातभर अंतरावर, डेल्फिना हळूच म्हणाली,

"कुणी आहे का?"

साडेसहाचा तोच आवाज. पिशवी टेकवून झाल्यावरचा.

आणि मी गप्प बसलो. एक्केचाळीस वर्षांची सवय! जीभ जागची हलली नाही. सिनेमातलं ते घरही गप्प होतं. दोन क्षण, तीन क्षण, मग पावलं पुढं निघाली, एक पायरी, दुसरी पायरी, जिन्यानं खाली, आणि मला कळलं की मी पुन्हा उत्तर दिलं नाही. शेवटची एक संधी होती, तीही मी शब्दकोड्यात घालवली.

"थांबा," मी उठून उभा राहिलो. "मला... ती विचारत होती. ती रोज विचारायची. मी कधीच काही बोललो नाही."

कुणी शू केलं नाही. पडद्यावरची बाई सातव्या पायरीवर पोचली होती. मी झागानेल्लीकडे पाहिलं, आणि लगेच मान खाली घातली, कारण अट मला माहीत होती आणि नियमाचा माणूस नियमाच्या माणसाला असलं काही मागत नाही.

खटका दाबल्याचा आवाज आला. चित्र थांबलं. झागानेल्लीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि टेप मागं नेली. ती चिरचिरत मागं जात होती, आणि तो डोळे मिटून ऐकत उभा होता. मग त्यानं ती सुरू केली.

"मिटू का?" मी विचारलं.

"नका मिटू," सिन्योरा म्हणाल्या. "मघाशी दाराआड काही वाईट नव्हतं. मी बघितलंय."

दार करकरलं. ओसरी, धुकं, लांब एक दिवा.

"कुणी आहे का?"

"आहे गं," मी म्हणालो. "इथंच आहे."

पडद्यावरची बाई कठड्यावर हात ठेवून थांबली आणि तिनं मागं वळून पाहिलं. ती तिथं वळतेच, सिनेमातच तसं आहे, झागानेल्लीनं मला नंतर सांगितलं. पहिल्या वेळी माझे डोळे मिटलेले होते, म्हणून मला ते माहीत नव्हतं.